थर्मोकोलच्या घरातला वैशाख

एस्प्लनेडच्या फुटपाथवर "सेल, सेल, चैत्र सेल" अशा आरोळ्या सुरू झाल्या की मला घामाच्या आधी हसू येतं. बंगाली वर्ष संपत आलेलं असतं, दुकानदारांना जुना माल काढायचा असतो आणि अख्खं कलकत्ता चादरी, गाऊन, उशांचे अभ्रे उराशी धरून बसमध्ये चढत असतं. मी बँकेतून बाहेर पडते, डांबराची वाफ तोंडावर घेते आणि सियालदाहून बजबजची गाडी पकडते. उतरून, रिक्षाने घरी येऊन दार उघडते आणि आत पाऊल टाकल्याबरोबर मानेवरचा घाम सुकायला लागतो. तीन वर्षं झाली, तरी मी दर वेळी दारातच दोन क्षण थांबते. आतून माझा नवरा श्रीकांत ओरडतो, "दार लाव! गारवा पळतोय!" गारवा म्हणजे घरात पाळलेलं मांजर असल्यासारखा तो ओरडतो, आणि मी मुद्दाम आणखी एक क्षण थांबते.

उन्हाळा तसा मला नवा नाही. माझं माहेर नागपूरचं. पण नागपूरचं ऊन समोरून येऊन थोबाडीत मारतं, आणि संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की निदान माणसात येतं. कलकत्त्याचा उकाडा मागून येऊन गळ्यात पडतो आणि उठतच नाही. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड तळायच्या आधीच मऊ पडतात, सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी तसाच दमट असतो. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला सबंध उन्हाळा मी चिडचिड करण्यात घालवला. नंतर सवय झाली, म्हणजे चिडचिडीचीच सवय झाली.

पूर्वी आम्ही डमडमला राहायचो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. दिवसभर स्लॅब तापायचा आणि दिवस मावळला की ती ऊब हप्त्याहप्त्याने आमच्या अंगावर सोडायचा. पंखा तीच गरम हवा ढवळत बसायचा. टाकीतल्या पाण्याने आंघोळ करायची तर आधी बादली भरून तासभर निवत ठेवावी लागे. अशाच एका वैशाखात माझे सासरे, अप्पा, वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतून हळूच खाली घसरले. चष्मा नाकावर तसाच होता. मला वाटलं, डुलकी लागली. हात लावला तर अंग तव्यासारखं. चार दिवस इस्पितळात काढले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ह्यांना ह्या छताखाली पुढचा उन्हाळा काढू देऊ नका."

पुण्याहून थोरले दीर धावत आले. वसंतभाऊजी. समजूतदार माणूस, फार बोलायचा नाही, पण बोलला की आकडेमोड केल्यासारखा नेमका. म्हणाले, "अप्पांना मी नेतो. लिफ्ट आहे, कोरडी हवा आहे, मराठी डॉक्टर आहे. आता इथे काय ठेवलंय?" खरं सांगायचं तर मला पटलं होतं. अप्पांना मात्र नाही. ते उशीवरूनच म्हणाले, "पुण्यात मी कोण? वसंताचे वडील. इथे अजून घाटावर मला इन्स्पेक्टरबाबू म्हणतात." भाऊजींचा चेहरा पडला. मग श्रीकांतच मध्ये पडला. "दादा, मला एक उन्हाळा दे. एकच." भाऊजींनी भावाकडे पाहिलं. "दिला," ते म्हणाले. "पण काही झालं तर मी विचारायला येणार नाही. न्यायला येईन."

अप्पांची ओळख करून द्यायला हवी. मूळचे मिरजेचे. तागाची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्यात होते, बदली होऊन ह्या बाजूला आले आणि हुगळीकाठच्या गिरण्यांमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. तागाच्या गासडीत कोपरापर्यंत हात घालायचे, डोळे मिटायचे, बोटांत धागा चोळायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "ओला आहे. परत न्या." बाहेरून खडखडीत दिसणारी गासडी आतून ओली असली तर ती आतल्या आत तापते आणि काळजातच कुजते, असं ते आम्हाला शंभर वेळा सांगायचे. नंतर यंत्रं आली. अप्पांच्या हाताला काम उरलं नाही, पण सवय राहिली. पिठाच्या डब्यात, तांदळाच्या पोत्यात, वाळत घातलेल्या माझ्या साड्यांतसुद्धा त्यांचा हात जायचा. मी वैतागून म्हणायचे, "अप्पा, ती साडी आहे, गासडी नाही." ते म्हणायचे, "अजून अर्धा तास राहू दे."

बजबजला नदीच्या बाजूला त्यांनी नोकरीत असताना एक तुकडा घेऊन ठेवला होता. एका बाजूला छोटंसं तळं, ज्याला इथे पुकुर म्हणतात, दुसऱ्या बाजूला आंब्याचं झाड, लांबवर तेलाच्या कोठारांच्या गोल टाक्या. माती इतकी भुसभुशीत की विटांचं घर बांधायचं तर पाया खोल खोल न्यावा लागेल असं दोघा-तिघांनी सांगितलं. श्रीकांत नुकताच सरकारी कंपनीतून निवृत्त झाला होता आणि सारखा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असायचा. मला वाटायचं, बातम्या बघतोय. तो थंड देशांतल्या लोकांना घरं बांधताना बघत होता. एके दिवशी जेवताना त्याने पोळीचे दोन तुकडे घेतले, मध्ये श्रीखंडाचा जाड थर दिला आणि माझ्या ताटासमोर धरलं. "ही भिंत," तो म्हणाला. "दोन बाजूंना फळ्या, मध्ये दाबून भरलेला फोम. कारखान्यातून कापून येते. हलकी, त्यामुळे पाया साधा चालतो. आणि ऊन आत येत नाही." मी म्हटलं, "आधी ती भिंत खा, श्रीखंड ओघळतंय."

माघात भिंती ट्रकमधून आल्या. प्रत्येकीवर नंबर, खिडकीची भोकं आधीच कापलेली. त्या उभ्या करायला निमाईदा आले. निमाईदा म्हणजे ह्या भागातले दुर्गापूजेचे मंडप उभारणारे मिस्त्री. बांबू, कापड आणि थर्मोकोल दिला तर ते पंधरा दिवसांत राजवाडा उभा करतात आणि सोळाव्या दिवशी पाडतात. त्यांनी भिंतीच्या कडेला नख लावलं, आतला पांढरा फोम पाहिला, मोठ्याने हसले आणि मला, म्हणजे त्यांच्या वहिनीला, म्हणाले, "ए तो थर्मोकोलेर बाडी, बौदी!" झालं. त्या दिवसापासून रिक्षावाल्यांपासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांना आमचं घर थर्मोकोलचं. येणारा प्रत्येक जण दारातून आत आला की आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकायचा, ठप् ठप्, आणि मग आमच्याकडे अशा नजरेने बघायचा की बिचारे, चांगले शिकलेले होते.

अप्पा खुर्ची टाकून आंब्याखाली बसायचे आणि सगळं बघायचे. मराठी माणसाला थर्मोकोल म्हटलं की दुसरं काय आठवणार? एकदा चहा देताना मला म्हणाले, "मला मखरात बसवताय तर. मग विसर्जन कधी, तेही आत्ताच ठरवा." मी हसले. नंतर स्वयंपाकघरात, म्हणजे जिथे स्वयंपाकघर होणार होतं त्या चार खुणांच्या मध्ये, उभी राहून रडले. कारण ते विनोद करत होते, आणि करत नव्हतेही.

पाडव्याला आम्ही राहायला आलो. श्रीकांतचा पहिला हुकूम, "भिंतीला एकही खिळा मारायचा नाही." घर हवाबंद हवं म्हणे, भोक पडलं की सगळं मुसळ केरात. हवा आत घ्यायची ती एका यंत्रातून, गाळून. मी विचारलं, "मग गुढी कुठे उभारायची?" त्याने खिडकीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. अप्पांनी गुढीची काठी उचलली आणि आंब्याच्या फांदीला बांधली. गडू, रेशमी खण, कडुनिंब, साखरेची गाठी, आणि मागे पुकुरात पोहणारी बदकं. अशी गुढी मी त्याआधी पाहिली नव्हती, पण पुढच्या तीन वर्षांत ती तिथेच उभी राहिली.

त्याच दिवशी मी आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडली, दोन सुक्या मिरच्या पडल्या आणि सगळं घर खोकायला लागलं. हवेचं यंत्र सुरूच केलेलं नव्हतं. डमडमच्या घरात फोडणीचा ठसका खिडक्यांच्या फटींतून शेजाऱ्यांकडे जायचा. इथे जाणार कुठे? अप्पा डोळे पुसत पुसत म्हणाले, "श्रीकांता, घर पक्कं झालंय हो. एक मिरचीसुद्धा बाहेर जाऊ देत नाही." त्या क्षणी आम्ही तिघं खोकत होतो, नाकातून पाणी वाहत होतं आणि हसू थांबत नव्हतं. आजही मिरच्या तेलात पडल्या की मला ते हसणं ऐकू येतं.

आणि गारवा खरोखर होता. चैत्रातली दुपार बाहेर भाजून काढत असताना एक लहानसा एसी थोडा वेळ लावला की तो गारवा संध्याकाळपर्यंत टिकायचा. अप्पांच्या गालांवर रंग आला. ते दुपारी पत्ते मांडून बसायला लागले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या मराठी मंडळातल्या बायका थेट डमडमहून आल्या. त्यांनीही भिंती ठोकल्या, आंब्याची डाळ खाल्ली, पन्हं प्यायल्या आणि निघायचं नावच घेईनात. दर रविवारी भाऊजींचा फोन यायचा. "कसे आहेत?" "उत्तम," मी सांगायचे. मला वाटलं, जिंकलो आपण.

एका सकाळी मी पूजेची फुलं घेऊन आत आले तर अप्पा उत्तरेच्या कोपऱ्यात, भिंतीला तळहात लावून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चक्कर आली. धावले. ते म्हणाले, "श्रीकांतला बोलाव. भिंत ओली आहे."

श्रीकांतने ओल मोजायचं यंत्र लावून पाहिलं. वरचा थर कोरडा होता. "अप्पा, कोरडी आहे. आकडा बघा."

"वरून कोरडी आहे. आत ओली आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला कसं कळलं, हे सरकारने छत्तीस वर्षं विचारलं नाही," अप्पा म्हणाले.

दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी श्रीकांतने गुपचूप कोपऱ्यातली आतली फळी उघडली. मागे त्याने मोठ्या हौसेने लावलेला प्लास्टिकचा कागद होता, आणि त्या कागदाच्या पाठीवर दवासारखे थेंब. त्यामागची, भिंतीची मूळची फळी कडेने फुगायला लागलेली. तो जमिनीवरच बसला. मग चूक त्यानेच शोधून काढली. थंड देशात ओल घरातून बाहेर जाते, म्हणून ते लोक असा कागद आतल्या बाजूने लावतात. आमच्याकडे एसी आत आणि वाफ बाहेर. ओल बाहेरून आत यायला बघते आणि कागदाशी येऊन अडकते. थंडीतल्या माणसाची बंडी त्याने बंगालच्या माणसाला घातली होती. पुण्यात शिकलेल्या, कोरड्या हवेत वाढलेल्या इंजिनिअरने तीस वर्षं कलकत्त्याचा घाम पुसूनही ही चूक केली, ह्याचं त्याला जास्त लागलं.

मी म्हटलं, "दुरुस्त करू. भाऊजींना कशाला सांगायचं?" श्रीकांतने मान डोलावली. ओल अजून कोपऱ्यातच होती. उन्हाळा सहज पार पडला असता आणि पावसाळ्यात काय ते बघितलं असतं. पण रविवारी फोन वाजला तेव्हा तो अप्पांच्या हाताशी होता. त्यांनी उचलला आणि माझ्यासमोर स्वच्छ आवाजात सांगितलं, "वसंता, भिंत ओली निघाली."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडले. "अप्पा, तुम्हाला इथे राहायचंय ना? मग हे कशाला सांगितलंत?"

त्यांचे डोळे भरले होते. "राहायचंय गं. पण ओला माल मी कधी पास केलेला नाही. आता स्वतःसाठी करू?"

अर्ध्या तासात भाऊजींचा निरोप आला. वैशाखातली तारीख, येतानाचं एक तिकीट आणि चार दिवसांनी जातानाची दोन. ठरल्याप्रमाणे ते विचारायला येत नव्हते.

मग जे आठ-दहा दिवस गेले ते मला त्या सगळ्या मोसमातले सर्वांत लाडके वाटतात. निमाईदा पुन्हा आले, ह्या वेळी हसले नाहीत. आतले कागद काढले, फळ्या उघड्या ठेवून पंख्यांनी वाळवल्या, फुगलेला तुकडा कापून बदलला, बाहेरचे पत्रे उतरवून ओल अडवणारा पडदा त्या बाजूने लावला. घरभर भुसा, चहाचे पेले आणि भोकं पडलेल्या भिंतींमधून येणारी गिरणीच्या भोंग्याची हाक. श्रीकांत प्रत्येक फळी वाळली की हाक मारायचा, "अप्पा, जरा बघता का?" अप्पा काठी टेकत यायचे, तळहात लावायचे, डोळे मिटायचे. "ही नाही. उद्या." किंवा, "ही पास." पास म्हटलं की निमाईदा खडूने त्या फळीवर टिकलीएवढी खूण करायचे. बापलेकाने एकमेकांशी इतकं बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बोलणं फक्त ओल आणि फळ्यांचंच होतं, पण मला त्याने काही फरक पडला नाही.

शेवटचा पत्रा बसला आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी काळबैसाखी आली. नदीपलीकडून काळं आभाळ धावत आलं, कैऱ्या पत्र्यावर धडाधड पडल्या, तळ्यातलं पाणी काठावर चढलं. कुठेतरी झाड पडून तारा तुटल्या आणि वीज गेली. वादळानंतर हवा गार झाली तशा आम्ही सगळ्या खिडक्या उघडल्या. सकाळी ऊन वर यायच्या आत श्रीकांतने त्या एकेक करून लावून घेतल्या. वीज आली नव्हती. एसी बंद, पंखे बंद, हवेचं यंत्र बंद. आणि नेमके त्या दिवशी दुपारी भाऊजी पोचणार होते. श्रीकांत घरभर येरझाऱ्या घालत होता. मी त्याला बस म्हटलं नाही, कारण मीही घालत होते.

भाऊजी एक वाजता आले. डमडमच्या विमानतळावरून इथपर्यंत, टॅक्सीचा एसी अर्ध्या वाटेत बंद पडलेला. शर्ट पाठीला चिकटला होता. चेहरा लालबुंद. "वीज नाही?" त्यांनी दारातच विचारलं. "कालपासून नाही," श्रीकांत म्हणाला. भाऊजींनी मान हलवली, जे समजायचं ते समजले, बूट काढले आणि आत आले. दोन पावलं टाकून थांबले. वर पंख्याकडे पाहिलं, तो स्थिर होता. मी पन्हं दिलं. ते अप्पांच्या खोलीत गेले, त्यांच्या पायांना हात लावला आणि "पाच मिनिटं टेकतो" म्हणून त्यांच्याच पलंगावर आडवे झाले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

बाहेर कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. आत विजेवाचून, कसलाही आवाज नसलेल्या खोलीत, साठी उलटलेला मुलगा वडिलांच्या पलंगावर पाय पोटाशी घेऊन झोपला होता. तीन वाजता मी डोकावले तर अप्पा खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले होते आणि आपली सुती चादर त्यांनी भाऊजींच्या अंगावर घातली होती. कलकत्त्यात, वैशाखात, भर दुपारी चादर. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प बसायची खूण केली. मी तशीच परत फिरले आणि श्रीकांतला सांगायला गेले, पण माझ्याच्याने सांगवेना, म्हणून त्याला हाताला धरून दारापाशी आणलं.

अप्पा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात, ह्याच खोलीत, शांतपणे गेले. त्या दुपारनंतरचे दोन उन्हाळे त्यांना पुरते मिळाले. भाऊजी कोवळ्या वयात शिकायला म्हणून पुण्याला गेले होते आणि श्रीकांतसारखे परत आले नव्हते. तेव्हापासून ते वडिलांकडे येत ते कायम पाहुण्यासारखे, चार दिवसांसाठी, परतीचं तिकीट खिशात घेऊन. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, ह्या सगळ्यात जायचं की राहायचं हा प्रश्न एकट्या अप्पांचा होता.

त्या दिवशी भाऊजी पाच वाजता उठले. डोळे चोळत बाहेर आले, चादर खांद्यावर तशीच. मी चहा ओतला. त्यांनी अर्धा कप संपवला, खाकरले आणि कपात बघतच म्हणाले, "अप्पा, तुमचं तिकीट रद्द करतो."

"कर," अप्पा म्हणाले. त्यांनी बशी पुढे सरकवली, तीत चहा निवू दिला आणि मग म्हणाले, "दोन्ही कर."